ताई नाही म्हणाली होती

आमच्या घरात ताईला हाक मारायची म्हणजे टाच आपटायची. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. दुसऱ्यांच्या घरांना फरशी बसवून उरलेले शहाबादी तुकडे त्यांनी आमच्या दोन खोल्यांत जुळवून बसवले होते. एकाचं माप दुसऱ्याला नाही, पण बसवलेले असे पक्के की पावसाळ्यातसुद्धा एखादा तुकडा कधी हलला नाही. पुढच्या खोलीत टाच आपटली की हादरा चुलीपाशी बसलेल्या ताईच्या तळव्यांना लागायचा आणि ती मान वळवायची. आबांची टाच जड, मायची हलकी, मी दोनदा आपटायचे. कोण बोलावतंय ते तिला न बघता कळायचं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं घर शांत असेल असं लोकांना वाटतं. पिशोरमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यात गोंगाटाचं घर आमचं होतं. ताई भांडी घासायची ती आदळून, कारण भांड्यांना आवाज असतो हे तिला ठाऊक असलं तरी जाणवत नव्हतं. आबा तिच्याशी ओरडून बोलायचे. आयुष्यभर ओरडले. ती सहा महिन्यांची असताना तापात तिचे कान गेले, हे त्यांना डॉक्टरांनी समजावलं होतं, पण आपण पुरेसं मोठ्यानं बोललो तर एखादा शब्द आत जाईल असं त्यांना कुठंतरी वाटत राहिलं असावं. आणि माय, ती शाळेत खिचडी शिजवायची, दुपारी दमून आली की भाकऱ्या थापता थापता ताईशी हातवारे करायची, पिठाच्या हातानं, त्यामुळं चुलीभोवती, भिंतीवर, आमच्या अंगावर ज्वारीचं पीठ उडालेलं असायचं.

ताईचं नाव सुकेशनी. माझं विशाखा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शहरातल्या एका कर्णबधिरांच्या निवासी शाळेत ती शिकली आणि सुट्टीत घरी आली की दरवेळी नव्या खुणा घेऊन यायची. त्या मी भराभर उचलल्या. चार वर्षांची असल्यापासून मी तिचं बोलणं तोंडानं सांगत आले, असं माय म्हणते. तिच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण होती. आबांची खूण थापी मारल्यासारखी, मायची भाकरी थापल्यासारखी. माझी खूण म्हणजे दोन बोटं ओठांना लावायची. तोंड. मला त्या नावाचा फार अभिमान वाटायचा. पुढं पुढं ते नाव नकोसं व्हायला लागलं, कारण ते दिसलं म्हणजे मला उठायचं आहे.

लग्नकार्यात, दवाखान्यात, किराणा दुकानात, तहसीलमधून दाखला आणताना, सगळीकडं मी. डॉक्टर विचारणार, "हिला पाळी नियमित येते का?" आणि मी आठ वर्षांची, मला पाळी म्हणजे काय ते माहीत नाही, ताईला काय खूण करू? पाहुणे यायचे आणि ताई समोर बसलेली असताना मला विचारायचे, "मुकी काय म्हन्ती गं?" मग तेच पाहुणे मायला सांगायचे, "हिचं कसं व्हनार, बाई." ताई माझ्याकडं बघायची, काय म्हणाले म्हणून. मी सांगायचे, तुझी साडी छान आहे म्हणाले. असं कितीतरी मी गाळलं, कितीतरी घातलं. कुणी शिकवलं नव्हतं. दोन माणसांच्या मधे उभं राहिलं की दोन्हीकडचं आपल्या अंगावर येतं, आणि त्यातलं थोडं आपण पुढं जाऊ देत नाही.

मागं आमच्या शाळेत एक कार्यक्रम झाला. मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, केस कानापाशी पांढरे झालेत. गावोगाव इंटरनेटची तार पोहोचल्याबद्दलचा तो कार्यक्रम होता, आणि 'इंटरनेटचे फायदे' यावर पाच मिनिटं बोलायला मला उभं केलं. मी बोलले. दाखले मिळतात, अभ्यास होतो, शेतमालाचे भाव कळतात, दवाखान्याचा सल्ला मिळतो. सगळं खरं होतं. टाळ्या पडल्या. खुर्चीवर येऊन बसले तेव्हा इतकं थकल्यासारखं झालं की शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. आमच्या घरात त्या तारेनं काय केलं ते मला तिथं सांगता आलं नाही. ते इथं सांगते.

शाळा संपल्यावर ताईला चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आणि ती मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनजवळ खोली करून राहिली, तिच्याच शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर. पिशोरहून शहर काही फार लांब नाही. पण त्या काळात आमच्यासाठी ती जणू विहिरीत पडली. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाची मुलगी शहरात गेली तर शेजाऱ्यांकडं फोन यायचा, "माय, मी बरी आहे." ताईचा फोन कुठून येणार? मोबाइल आले तेव्हा ती निरोप लिहून पाठवायची, पण तिचं मराठी तिच्या खुणांच्या भाषेसारखं होतं, आधी वस्तू मग क्रिया, आणि विभक्ती तिला कुणी नीट शिकवलीच नव्हती. एकदा निरोप आला, "मी पोट दुखतो दवाखाना काल नाही आज." माय रडायला लागली. काल नेलं नाही म्हणून आज नेलंय, की काल दुखत होतं आणि आज नाही? आबा काम टाकून मिळेल त्या गाडीनं मुकुंदवाडीला गेले. ताई खोलीत बसून शेंगदाणे सोलत होती. आदल्या दिवशी दुखलं होतं, आता बरी होती.

त्यानंतर जमीरभाईंनी स्टँडजवळ सायबर टाकलं. झेरॉक्सचं दुकान होतंच, त्यात तीन कॉम्प्युटर मांडले, फळीच्या आडोशात, आणि एकावर सुपारीएवढा कॅमेरा बसवला. मुकुंदवाडीत तर तसली दुकानं आधीच होती आणि तिथली लाईन जलद होती. ताईनंच एका सुट्टीत मला खुणेनं सांगितलं, माझ्या मैत्रिणी तिथं बसून इंदूरच्या, कोलकात्याच्या मुलींशी बोलतात, हातांनी. ते सांगताना तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मलाही एक कळ आली, हे लपवत नाही. मी पिशोरच्या बाहेर कन्नडपलीकडं फारशी गेले नव्हते आणि हिची ओळख कोलकात्यात.

मग दर रविवारी, लोडशेडिंगची वेळ सांभाळून, आबा आणि मी जमीरभाईंकडं जायला लागलो. मायला रविवारी शेतात खुरपायला जावं लागायचं. ती आधी मला निरोप पढवायची. आमच्याकडची लाईन साध्या फोनची. जोडताना ती किर्रर्र आवाज करायची, मग घरंगळल्यासारखा दुसरा आवाज, आणि मग बऱ्याच वेळानं ताईचं चित्र यायचं, वरून खाली, पडदा सोडल्यासारखं. दुकानामागं जमीरभाईंचं घर होतं. त्यांच्या अम्मीनं आत फोन उचलला की सगळं तुटायचं. "अम्मी, रखो ना नीचे! बच्ची बात कर रई!" ते ओरडायचे. पुन्हा किर्रर्र. बोलणाऱ्या माणसांचं काम अशा लाईनवर भागत असेल. हातांनी बोलणाऱ्यांचं नाही. ताई एक वाक्य करायची आणि माझ्याकडं त्यातली दोन-तीन चित्रं पोहोचायची. हात छातीशी, हात हवेत, मग चौकोनी तुकडे, मग हात मांडीवर. मधलं मी जुळवायचे. मागून आबा विचारायचे, "काय म्हन्ती?" आणि मी थांबले की लगेच, "आगं सांग की, काय म्हन्ती?" तिला आमचं चित्र तसंच दिसत होतं. आबा तर तिला नुसता मातकट डाग दिसायचे, असं ती म्हणायची.

मिलिंदचं ताईनं मला आधी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत, नदीवर कपडे धुताना. तो फुलंब्रीचा, रोज शहरात यायचा, एका छापखान्यात बांधणीचं काम करायचा. त्यालाही ऐकू येत नव्हतं. "तू आबांना सांग," ती म्हणाली, "पण हळूहळू." मी बारावीला होते. घरी विज्ञानाची पुस्तकं उघडी पडलेली, माय खिचडीच्या धुरानं खोकत असलेली, आणि वर हे काम. मी बरं म्हणाले आणि सांगायचं पुढं ढकलत राहिले.

इकडं आबांनी एक स्थळ आणलं. कन्नडकडचा बिजवर, जीप चालवायचा, पहिली बायको आजारानं गेलेली, एक लहान मुलगी. माणूस वाईट नव्हता. आबांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला कान होते. एकदा कुणीतरी ताईच्या एखाद्या बहिऱ्या मित्राचा विषय काढला तेव्हा आबा मायला म्हणाले होते, "दोघंबी तसलेच म्हनल्यावर लेकरू रडलं तर कोन उठंल? दार वाजलं तर? घरात एक तरी ऐकनारं पायजे का नाय?" हे ते चिडून म्हणाले नव्हते, जेवण पुढं ठेवून म्हणाले होते आणि मग जेवले नव्हते. त्यामुळं मला मिलिंदचं नाव काढणं आणखीच जड झालं.

त्या रविवारी आबांनी मला सांगितलं, "तिला नीट समजून सांग. मानूस चांगला हाय म्हनाव. मी शब्द द्यायचा म्हन्तोय, पन तिला इचारल्याबिगर देनार नाय." हे त्यांनी म्हटलं होतं, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. मी पडद्यासमोर बसून सांगितलं. जीप, बायको गेलेली, मुलगी, कान आहेत. चित्र यायला वेळ लागला. मग ताईचा तळहात दिसला, बाहेर वळवलेला, छातीपासून आडवा नेलेला. नाही. तिचं नाही मी ओळखत नसेन तर कोण ओळखणार? पुढचं चित्र अर्धवट आलं, बोटं वर, बहुतेक मिलिंदच्या नावाची खूण, बहुतेक 'तू सांगितलं नाहीस का', आणि तिथं सगळं गोठलं. ताईचे हात हवेत तसेच राहिले. जमीरभाई म्हणाले, "लाईन गई." पुढं दोन पोरं फॉर्म भरायला थांबलेली. बाहेर ऊन. आबा माझ्या मागं, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर.

"काय म्हनली?"

मी वळून बघितलं नाही. "बरं म्हणते," मी म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

का म्हणाले, याची मी पुढं पुष्कळ कारणं शोधली. त्यांना दुखवायचं नव्हतं, ताईचं भलं होईल असं वाटलं, पुढच्या रविवारी सांगू असं ठरवलं होतं. सगळी थोडी थोडी खरी आहेत. त्या क्षणी मात्र मला एवढंच हवं होतं की हे संपावं आणि मला घरी जाऊन झोपता यावं. आबांनी खुर्चीवरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. घरी जाताना त्यांनी पाव शेर जिलेबी घेतली. मायनं त्या दिवशी येसराची आमटी केली होती, घट्ट, तिखट, आबांना आवडायची तशी. ते दोनदा वाढून घेत म्हणाले, "पोरगी शहानी हाय माझी."

एका खोट्यावर थांबले असते तरी सावरता आलं असतं. दोन दिवसांनी मोबाइलवर ताईचा निरोप आला, असले निरोप घरात मीच वाचायचे, "आबा राग आहे? मिलिंद सांगितला?" आणि मी लिहिलं, "सांगितलं. राग नाही. विचार करतात." पुढचे दोन रविवार लाईन लागलीच नाही. कुठंतरी खोदकामात तार तुटली म्हणत होते. मला बरंच वाटलं. तेवढ्यात आबांनी कन्नडवाल्यांना शब्द दिला.

मग जमीरभाईंच्या दाराला हातानं रंगवलेला बोर्ड लागला, ब्रॉडबँड आले आहे. गावच्या एक्सचेंजात नवी यंत्रं बसली होती. शनिवारी आबा कामावरून येताना स्वतः चौकशी करून आले. मी म्हणाले, "उद्या लाईन नसेल, राहू द्या." ते म्हणाले, "जमीर सांगत व्हता, आता अम्मीनं फोन उचलला तरी तुटत नाय. एकदम मख्खन म्हने." रविवारी त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला. मायसुद्धा शेतावर गेली नाही. पण कन्नडचे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी घर सारखं करायचं म्हणून ती घरीच थांबली.

किर्रर्र आवाज झालाच नाही. जमीरभाईंनी बटण दाबलं आणि ताई समोर होती. पूर्ण. नाकातली चमकी दिसत होती. भुवईवरचा लहानपणीचा वण दिसत होता. तिनं पापणी लववली ती दिसली. आबा पुढं वाकले आणि "आगं माय!" एवढंच म्हणाले. तिलाही आम्ही तसेच दिसलो असणार, कारण ती आबांकडं बघून हसली आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. वाळलात. मग तिनं बाजूला हात केला आणि एक तरुण खुर्ची सरकवून तिच्या शेजारी येऊन बसला. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, केस पाणी लावून बसवलेले. त्यानं हात जोडले.

"ह्यो कोन?" आबांनी विचारलं.

ताईचे हात चालू होते. 'आबांना सांग, हा मिलिंद. ते रागावले नाहीत म्हणालीस म्हणून घेऊन आले.' माझे हात मांडीवर होते.

"विशू, ह्यो कोन म्हनून इचार."

मी कीबोर्डकडं बघत राहिले.

"आगं बोल की! तोंड शिवलं का तुजं?"

मग त्यांनी मला सोडलं आणि स्वतःच पडद्याकडं वळले. मिलिंदकडं बोट केलं आणि पंजा उलटा करून हलवला, बाजारात आपण कुणालाही विचारतो तसं, कोण? ताईला त्यासाठी मी लागले नाही. तिनं स्वतःकडं बोट केलं, त्याच्याकडं केलं, आणि दोन्ही हातांची बोटं शेजारी शेजारी धरली. ते आबांना कळायलाही मी लागले नाही.

"ह्याच्याशी?" आबा उठून उभे राहिले. "आन् मंग कन्नडवाल्याला मी काय सांगू? तू तर बरं म्हनली व्हतीस!"

ते ओरडत होते, आणि ताई त्यांचा चेहरा बघत होती. इतके महिने तिनं तो चेहरा माझ्या हातांत बघितला होता, मी केलेला, गोड करून दिलेला. आता तो तिच्यासमोर होता, कपाळाच्या शिरेसकट. ती बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. टेबलावरून एक कागद ओढला, मिलिंदच्या खिशातलं पेन घेतलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कॅमेऱ्यापुढं धरलं. आधीच्या लाईनवर असा कागद म्हणजे पांढरा ठिपका दिसला असता. आता रेघही दिसत होती.

आबा चौथी शिकलेले. ते अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागले. "मी... लग्न... मिलिंद. दुसरा... नाही. विशाखा... आधी... सांगितला... नाही?"

फॉर्म भरणारी माणसं वळून बघत होती. जमीरभाईंनी हळूच विचारलं, "चाचा, पानी लाऊं?" आबांनी मान हलवली. माझ्याकडं वळले. आवाज एकदम खाली आला होता.

"त्या दिशी ती काय म्हनली व्हती?"

"चित्र अडकलं होतं, आबा."

"अडकायच्या आदी काय दिसलं?"

"नाही म्हणाली होती."

ते बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "तू घरी जा."

मी घरी गेले आणि मायला सांगितलं. मायनं हातातली परात खाली ठेवली. आबा तासाभरानं आले. त्या तासात काय झालं ते मला पुढं जमीरभाईंकडून कळलं. आबांनी त्यांच्याकडून कोरे कागद आणि जाड पेन्सिल मागितली होती. एक ते लिहायचे, एक ताई. अक्षरं लावायला दोघांनाही वेळ लागत होता. मिलिंदनं काही लिहिलं त्यावर आबा हसले, असंही ते म्हणाले. काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात आबा शब्द परत घ्यायला कन्नडकडं गेले आणि मला बरोबर घेतलं. वाटेत मला वाटलं, तिथं सगळ्यांसमोर सांगायला लावतील. त्यांनी हात जोडून एवढंच म्हटलं, "चूक आमची. पोरीला नीट न इचारता शब्द दिला." बिजवराची आई खूप बोलली. आबा खाली मान घालून ऐकत राहिले. निघताना तो माणूस आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मामा, झालं ते बरं झालं. मलाबी कोनी इचारलं नव्हतं." परतताना आबांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. त्यावरून मला कळलं की ते माझ्यावर कायमचे रागावलेले नाहीत. पण त्यानंतर रविवारी त्यांनी मला चल म्हटलं नाही.

ते एकटे जायला लागले. सिमेंटनं खाल्लेली त्यांची बोटं, वाकवली तरी पूर्ण वाकायची नाहीत. ताई त्यांना पडद्यावरून एकेक खूण शिकवायची. त्यांना येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा करायची. घरी आले की भिंतीकडं तोंड करून सराव. पाणी. भाकरी. आजारी. कधी येणार. तेवीस-चोवीस वर्षं ज्या माणसानं लेकीला नुसती हाक घालून बघितली तो आता जेवताना एका हातानं 'मीठ' करून बघत होता. मी दुसऱ्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. एवढा मोकळा वेळ मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो कसा घालवायचा ते मला कळत नव्हतं. बारावीला बरे गुण पडले. ताईनं एका शब्दानं विचारलं नाही. कधी मी आबांच्या मागं जाऊन पडद्यावर दिसेन अशी उभी राहिलेच तर ती मान वळवायची, आणि आता ते स्वच्छ दिसत होतं.

पुढचं सगळं चांगलं झालं, ते सांगून टाकते. लग्न फुलंब्रीत झालं, मिलिंदची आई समजूतदार होती. त्यांना मुलगा झाला, त्याला ऐकू येतं. रात्री तो रडला की लागेल असा दिवा मिलिंदनं स्वतः जोडला होता. आज ताई बँकेत एकटी जाते, फोन उघडून पडद्यावरच्या दुभाष्याला समोर धरते, आणि काउंटरवरचा माणूस तिच्याशी बोलतो. त्या दुभाष्या बाई कुठल्या गावात बसलेल्या असतात कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा कामातला, कोरा असतो. त्या काही गाळत नाहीत, काही घालत नाहीत. फुलंब्रीकडं अजूनही कधी कधी लाईन जाते, आमच्या ग्रामपंचायतीतलं यंत्र तर वर्षातले किती दिवस कुलपात असतं विचारू नका. कार्यक्रमांत मात्र ते चालू असतं. तार कुलपात पडली की कुणाच्या तरी घरी एखादी मुलगी पुन्हा मधे उभी केली जात असेल, असं मला वाटतं, आणि मग त्या दिवशी माझ्याकडून फारसं काम होत नाही.

पण लग्नाच्या आधी एकदा मी मुकुंदवाडीला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. परीक्षेचा निकाल लागल्यानंतरचा रविवार, दुपारची वेळ. खोलीच्या दाराला घंटेऐवजी बटण होतं, ते दाबलं की आत बल्ब पेटायचा. मी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ताईनं दार उघडलं. मैत्रिणी बाहेर गेल्या होत्या. तिनं आत ये म्हटलं नाही, पण दार उघडं ठेवून ती वळली, म्हणून मी गेले. स्टोव्हवर भात होता. रूळांवरून गाडी गेली, खिडकीची काच थरथरली, ताईनं तळवा भिंतीला लावला आणि काढून घेतला. सवय असावी.

मी चुकले, असं मी हातांनी म्हटलं. तिनं ते बाजूला सारलं. तिला दुसरंच हवं होतं. 'त्या दिवशी तू काय बघितलंस? जसंच्या तसं सांग.'

मी सांगितलं. तुझा तळहात. बाहेर वळलेला. आडवा नेलेला. नंतर बोटं वर, अर्धी. मग अडकलं.

'म्हणजे नाही दिसलं होतं.'

दिसलं होतं.

'मग?'

मी बसमधून येताना जे जे जुळवलं होतं, आबांचं मन, तिचं भलं, पुढचा रविवार, ते सगळं हातांत आलं आणि तिच्या चेहऱ्यापुढं ते करवेना. ती माझ्या हातांकडं बघत होती, डोळ्यांकडं नाही. मी दोन्ही हात खाली पडू दिले, खांदे पाडले. थकले होते, एवढंच म्हटलं. चार वर्षांची असल्यापासून.

भाताचं झाकण वाफेनं खडखडत होतं, ते मलाच ऐकू येत होतं. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

'मीपण,' ती म्हणाली. 'तुझ्यातून बोलून.'

आणि भात उतरवायला उठली.